गच्चीवरचे फ्लॅट आणि जिन्याखालची केबल

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत जुन्या इमारतींवर मजले चढू लागले आहेत. तीन मजली अपार्टमेंटच्या गच्चीवर आणखी चार फ्लॅट, मोठ्या फ्लॅटच्या मधोमध भिंत घालून त्याचे दोन, मालकाच्या बंगल्याचीच चार मजली इमारत, अशा अनेक वाटांनी घरं वाढत आहेत. २००३ मध्ये दोन्ही ठिकाणी महानगरपालिका आली. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र मिळवण्याची सोय आमच्यासारख्या मध्यम शहरांतही आली. घरं वाढायला माझा विरोध नाही. जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात नव्या प्लॉटचा भाव ज्याला झेपत नाही, त्याला जुन्या वस्तीतल्या वाढीव मजल्यावर घर मिळत असेल तर ते हवंच आहे. मला अडचण दिसते ती कामाच्या क्रमात. मजला चढवण्याआधी पाया पेलेल का, कॉलम जॅकेटिंग करावे लागतील का, याची चौकशी होते आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडला जातो. विजेचा विषय मात्र प्लास्टर झाल्यावर निघतो, आणि तोही ‘चार मीटर अजून बसतील का’ एवढ्याच प्रश्नापुरता. विजेच्या कामात वावरताना खानदेशात मला हाच क्रम सतत दिसत आला आहे. माझं म्हणणं असं, की वाढीव घराचा विजेचा हिशेब स्लॅबच्या आधी व्हायला हवा. तो डीपीपासून, म्हणजे गल्लीतल्या वितरण ट्रान्सफॉर्मरपासून, वरच्या शेवटच्या सॉकेटपर्यंत अख्ख्या वाटेचा असायला हवा, आणि त्याचा मुख्य खर्च घरं वाढवणाऱ्याने उचलायला हवा.

या इमारतींमध्ये वीज कशी आणली गेली, ते आधी पाहू. १९९० च्या आसपास बांधलेल्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅटमागे एक-दोन किलोवॅट भार धरला जाई आणि तो अंदाज तेव्हा बरोबर होता. दोन पंखे, चार ट्यूबलाइट, एक फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री आणि उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा कूलर, एवढंच घरात असे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात कूलर हेच माणसाला तगवणारं यंत्र होतं, आणि तो खाई जेमतेम दोनशे वॅट. आज त्याच खिडकीवर दीड टनी एसी आहे. भर उन्हात, बाहेरची हवाच तापलेली असताना, तो दीड किलोवॅटच्या घरात वीज घेतो. म्हणजे एका खोलीच्या गारव्यासाठीची मागणी सात-आठ पटींनी वाढली. त्यात गीझर आला, इंडक्शन शेगडी आली, वॉशिंग मशीन आलं आणि आता पार्किंगमध्ये रात्री चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. घरातल्या वस्तू अशा बदलत गेल्या, पण जिन्याखालचं मीटरचं लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज, मेन स्विच आणि रस्त्याकडून आलेली केबल बहुतेक ठिकाणी बिल्डरने बसवली तीच आहे. वाढीव मजल्याचा प्रश्न सुरू होण्याआधीच इमारतीने आपला मूळ भार दुपटी-तिपटीने ओलांडलेला असतो. मंजूर भाराच्या कागदावर त्याची नोंद नसते एवढंच.

एक हिशेब मांडतो. तो कोणत्याही एका इमारतीचा नाही. बारा फ्लॅटची साधारण इमारत घ्या. फ्लॅटमागे दोन किलोवॅट धरून मूळ भार चोवीस किलोवॅट. थ्री फेज, ४०० व्होल्ट आणि ०.९ पॉवर फॅक्टरवर तो फेजमागे सुमारे ३८ अँपिअर होतो. त्यासाठी ३५ चौरस मिलिमीटरची, साडेतीन कोअरची अ‍ॅल्युमिनियमची पीव्हीसी केबल टाकली असेल, तर हवेत ती साधारण ८६ अँपिअर वाहते. म्हणजे त्या काळी दुपटीहून जास्त वाव होता आणि काम प्रामाणिक होतं. आता आजची मेमधली रात्र घ्या. फ्लॅटमागे दोन एसी आणि बाकीचं किरकोळ मिळून ३.७ किलोवॅट धरले, तर बारा फ्लॅटचे ४४ किलोवॅट, म्हणजे फेजमागे ७१ अँपिअर. ८६ च्या आत आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण ८६ हा आकडा ४० अंश हवेसाठी आहे. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं. हवा ४० असेल तर केबलला स्वतःच्या उष्णतेसाठी तीस अंशांची मोकळीक मिळते, आणि हवा ५० असेल तर वीसच अंशांची. त्या प्रमाणात केबलची क्षमता ८२ टक्क्यांवर येते. जिन्याखालची कोंदट, पत्र्याचं दार बंद असलेली, मीटर आणि फ्यूजच्या स्वतःच्या उष्णतेने भरलेली खोली मे महिन्यात ५० अंशांवर जाणं खानदेशात नवलाचं नाही. ८६ चे ८२ टक्के म्हणजे ७०. नवा एकही फ्लॅट जोडण्याआधी केबल काठावर आलेली आहे.

आता गच्चीवरचे चार फ्लॅट जोडा. सोळा फ्लॅटचे ५९ किलोवॅट होतात. तिन्ही फेजांवर भार नीट वाटला तर फेजमागे ९५ अँपिअर. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ७१ वरून ९५ वर जाताना प्रवाह एक तृतीयांशाने वाढला, तरी उष्णता जवळपास पावणेदोन पट होते. आणि भार नीट वाटला जाईल याची खात्री कोण देतं? वर जाणारी एकच जादा वायर ओढायची आणि चारही मीटर बोर्डाच्या मोकळ्या कोपऱ्यातल्या एकाच फेजवर टाकायचे, ही सवय सर्रास आहे, कारण ते एका दुपारचं काम असतं. तसं केलं तर त्या फेजवर आठ फ्लॅट येतात आणि प्रवाह १४३ अँपिअरपर्यंत पोचतो. ७१ च्या दुप्पट प्रवाह, म्हणून चौपट उष्णता. मधला फ्यूज नियमाप्रमाणे बसवलेला असेल तर तो उडेल आणि इमारत अंधारात जाईल. पण मे हीटच्या रात्री लहान मुलं रडत असताना उडालेल्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळून वीज चालू केली जाते, आणि त्या क्षणापासून केबलचं रक्षण करणारं काहीच उरत नाही. हे करणाऱ्या वायरमनवर माझा राग नाही. त्याच्यापुढे घामाघूम माणसं उभी असतात आणि त्याच्या हातात तेवढाच उपाय असतो. दोष आहे तो त्याला त्या जागी आणून उभं करणाऱ्या नियोजनाचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांकडूनच. सगळी घरं सगळी उपकरणं एकाच वेळी वापरत नाहीत, म्हणून बेरीज करून भार काढणं चूक आहे, असं ते म्हणतात. तत्त्व म्हणून ते खरं आहे. वीजजोडणीचं सगळं शास्त्र या विविधतेच्या गृहीतकावर उभं आहे, आणि मुंबई-पुण्यात ते बऱ्यापैकी चालतं. कोणी उशिरा घरी येतं, कोणाचा गीझर सकाळी सहाला तर कोणाचा नऊला. पण खानदेशाच्या उन्हाळ्यात माणसांच्या सवयी हवामानच एका रेषेत आणून ठेवतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहानंतर आत उष्णता सोडू लागतो आणि त्या वेळी प्रत्येक घरातला एसी सुरू असतो. बाहेरची हवा गरम असल्याने कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतही नाही. शिवाय सगळ्यात वरच्या मजल्याला सगळ्यात जास्त ऊन लागतं, म्हणजे नव्याने जोडलेले फ्लॅटच सर्वाधिक वीज ओढणारे असतात. पाण्याचंही तसंच. दोन्ही शहरांत महापालिकेचं पाणी रोज येत नाही, दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं. त्यामुळे ज्या तासाला पाणी सुटतं त्या तासाला गल्लीतल्या प्रत्येक इमारतीची मोटार एकदम सुरू होते. वर्षाचा सरासरी वापर पाहिला तर विविधतेचं गृहीतक टिकेलही, पण केबल वर्षाच्या सरासरीने जळत नाही. ती मेमधल्या वाईटात वाईट रात्री जळते. म्हणून आमच्याकडे विविधतेचा गुणांक पुस्तकातून उचलून चालत नाही. एप्रिल-मेमधल्या रात्री क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजांचा आणि न्यूट्रलचा प्रवाह मोजावा आणि त्या आकड्यावर पुढचा हिशेब बांधावा.

न्यूट्रलचा उल्लेख मुद्दाम केला, कारण वाढीव फ्लॅटमुळे होणारं खरं नुकसान बहुतेक वेळा तिथून सुरू होतं आणि ते कोणाच्या डोळ्यांसमोर नसतं. साडेतीन कोअरच्या केबलमध्ये तीन कोअर पूर्ण जाडीच्या आणि न्यूट्रलची जवळपास अर्ध्या जाडीची असते. तिन्ही फेजांवर भार समान असेल तर न्यूट्रलमधून फारसा प्रवाह जात नाही, म्हणून ही काटकसर योग्य ठरते. पण चार नवे मीटर एकाच फेजवर टाकले की असमतोलाचा सगळा प्रवाह त्या बारीक कोअरमधून परत फिरतो. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या किंवा पितळेच्या टोकाला नुसती पिळून बांधलेली असेल, तर तिथे ऑक्साइडचा थर साचतो, जोड तापतो, थंड होतो आणि ढिला होतो. ढिला झाला की आणखी तापतो. एक दिवस न्यूट्रल सुटतं. त्या वेळी दिवे जात नाहीत, उलट काही घरांत ते डोळे दिपवण्याइतके प्रखर होतात. वेगवेगळ्या फेजांवरची घरं आता ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात कमी उपकरणं चालू असतील तिथे व्होल्टेज तीनशेच्याही वर जातं. फ्रिज, टीव्ही, मोबाइलचे चार्जर, एसीचे कार्ड एका मिनिटात जळतात. कमी वापर करणाऱ्या, म्हणजे बहुधा एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घराला सर्वांत मोठा फटका बसतो. ज्यांनी काहीच वाढवलेलं नाही त्यांनी ही किंमत मोजायची, हे मला कोणत्याही हिशेबात न्याय्य वाटत नाही. नव्या कामात न्यूट्रल पूर्ण जाडीची घेणं, टोकांना योग्य लग क्रिम्प करणं, दोन धातूंच्या जोडाला बायमेटॅलिक लग वापरणं आणि अर्थिंगचा रोध मोजून लिहून ठेवणं या गोष्टी एकूण खर्चात किरकोळ असतात. त्या वगळल्या जातात, कारण फ्लॅट पाहायला येणाऱ्याला दिसतात त्या टाइल्स.

‘इतकी वर्षं चाललं ना, काही झालं का?’ हा आक्षेप रहिवाशांचा. तो मी हलका मानत नाही, कारण माणूस अनुभवावरच विश्वास ठेवतो आणि ठेवावा. पण हा अनुभव कशाचा आहे, ते पाहायला हवं. इन्सुलेशन एका दिवसात निकामी होत नाही. त्याचं आयुष्य उष्णतेने झिजतं, आणि जास्तीच्या दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम विद्युत अभियांत्रिकीत वापरला जातो. म्हणजे जी केबल वीस-पंचवीस वर्षं निमूट चालली, तिने स्वतःचं बरंचसं आयुष्य त्यात खर्च केलेलं असतं. तिच्या आजवरच्या टिकण्यावरून पुढच्या टिकण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय आजवरची वर्षं बारा फ्लॅटची होती आणि त्यातली बरीचशी कूलरची होती. सोळा फ्लॅटचा आणि बत्तीस एसींचा अनुभव कोणालाच नाही. मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, ते तपासलं तर या चर्चेचा निकाल अर्ध्या तासात लागतो, आणि मला वाटतं की वाढीव मजल्याला संमती देण्यापूर्वी रहिवाशांनी ती तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी, अहवाल लेखी मागावा.

तिसरा आक्षेप अधिक पक्का आहे. वीज पुरवणं हे महावितरणचं काम, लोड वाढला तर त्यांनी केबल बदलावी, डीपी वाढवावी, आम्ही बिल भरतोच. कायदा या म्हणण्याच्या बाजूने काही अंशी उभा आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मागणी करणाऱ्याला एक महिन्यात वीज देणं वितरण कंपनीवर बंधनकारक आहे, आणि २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या ग्राहक हक्क नियमांनी ही मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस इतकी खाली आणली. पण त्याच कायद्यात आणि नियमांत, जिथे वाहिनी वाढवावी लागेल किंवा उपकेंद्र उभारावं लागेल तिथे जादा वेळेची मुभा आहे, आणि कलम ४६ नुसार जोडणीसाठी होणारा वाजवी खर्च वसूल करण्याचा अधिकारही आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट हद्दीची. लघुदाबाच्या ग्राहकासाठी कंपनीच्या कटआउटच्या बाहेर जाणाऱ्या टोकापर्यंत जबाबदारी कंपनीची आणि तिथून पुढे आपली. मीटरपासून वर जाणाऱ्या तारा, त्यांचा डक्ट, प्रत्येक मजल्यावरचा जोड, घरातला एमसीबी आणि आरसीसीबी, हे सगळं आपलं. वर सांगितलेल्या बिघाडांपैकी बरेचसे या हद्दीत होतात. कंपनीने रस्त्यावर कितीही मोठा ट्रान्सफॉर्मर उभा केला तरी ते थांबणार नाहीत.

या मुद्द्यावर खानदेशातल्या लोकांची एक भावना मला समजते. भुसावळजवळ दीपनगरला पाचशे-पाचशे मेगावॅटचे संच आहेत, त्यात आता ६६० मेगावॅटच्या संचाची भर पडली. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. राखेचा आणि जमिनीचा भार आम्ही सोसायचा आणि व्होल्टेज आम्हालाच कमी मिळायचं, ही तक्रार रास्त आहे. पण गिरणा धरण काठोकाठ भरलं तरी शेताकडे येणारी शेवटची चारी अरुंद असेल तर टोकाचं शेत कोरडंच राहतं, तसं इथे होतं. वीज कमी नाही, शेवटचे पन्नास मीटर अपुरे आहेत. सोळा फ्लॅटच्या आपल्या इमारतीची मागणी साधारण ६६ केव्हीए होते. गल्लीच्या तोंडाशी २०० केव्हीएची डीपी असेल तर तिचा एक तृतीयांश भाग एकच इमारत घेते, आणि त्याच डीपीवर आणखी इमारती, बंगले आणि दुकानं असतात. म्हणून अर्ज देताना चार नव्या मीटरांचा भार लिहून थांबू नये. संपूर्ण इमारतीचा आजचा खरा भार आणि पुढच्या दहा वर्षांचा अपेक्षित भार लिहावा. कंपनीच्या अभियंत्याला खरा आकडा दिला तरच तो डीपी वाढवायची की नवी बसवायची, हे ठरवू शकतो. खोटा आकडा लिहून लवकर मिळालेली जोडणी पुढे सगळ्या गल्लीचं व्होल्टेज खाते.

मंजूर भार वाढवायला लोक घाबरतात, कारण बिल वाढेल असं त्यांना वाटतं. सिंगल फेज घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार आपल्या राज्यात जोडणीमागे घेतला जात आला आहे, किलोवॅटमागे नाही. त्यामुळे दोनाचे चार किलोवॅट करून घेतल्याने महिन्याच्या बिलावर येणारा बोजा भीतीइतका नसतो. थ्री फेज घेतलं तर स्थिर आकार नक्की वाढतो, सुरक्षा ठेवही वाढते. पण फ्लॅटचे दोन भाग करून एकाच मीटरवर दोन घरं चालवण्याचा मोह याहून महाग पडतो, कारण ज्या जागेसाठी वीज मंजूर झाली तिच्याबाहेर ती वापरणं विद्युत कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरू शकतं आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

आता खर्च कोणाचा, हा सगळ्यात कटू प्रश्न. घरं वाढवणारा म्हणतो, नवी केबल आणि नवं पॅनल जुन्या रहिवाशांनाही उपयोगी आहे, त्यांनी वाटा द्यावा. जुने रहिवासी म्हणतात, आमचं चालत होतं, नफा तुझा, खर्चही तुझा. माझा कल जुन्या रहिवाशांकडे आहे आणि त्याचं कारण कायद्यातही सापडतं. आमच्याकडच्या अनेक इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या आहेत. त्या कायद्यात विजेसारख्या मध्यवर्ती सेवांची यंत्रणा ही सामाईक सुविधा धरली आहे आणि तिच्यात प्रत्येक फ्लॅटधारकाचा अविभक्त हिस्सा आहे. म्हणजे त्या केबलमध्ये शिल्लक असलेली क्षमता ही सर्वांची मालमत्ता आहे. ती गच्चीवरच्या चार फ्लॅटना वापरायला देणं म्हणजे सर्वांची वस्तू एकाच्या नफ्यासाठी देणं. १९६३ चा मोफा कायदा आणि २०१६ चा रेरा कायदा या दोन्हींनी मंजूर नकाशात बदल करताना घरधारकांच्या संमतीची अट घातली आहे ती याच तत्त्वावर. तरीही वाढवणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. बारा फ्लॅटधारकांनी मंजूर दोन किलोवॅटवर दोन-दोन एसी चढवले, तेव्हा त्यांनीही आपापल्या वाट्यापेक्षा जास्त क्षमता वापरली आणि तीही कोणाची संमती न घेता. म्हणून मला न्याय्य वाटणारी वाटणी अशी: आजच्या खऱ्या भारासाठी जी केबल आणि जे पॅनल लागेल त्याचा खर्च जुन्या रहिवाशांचा, आणि त्याहून मोठं जे लागेल ते, लिफ्टच्या जोडणीसह आणि गरज पडल्यास ट्रान्सफॉर्मरसह, वाढवणाऱ्याचं. व्यवहारात बहुतेक ठिकाणी वाढवणारा सगळंच करून देतो आणि त्या बदल्यात संमती मिळवतो. ते चांगलंच आहे, मात्र केबलचा आकार, पॅनलचा तपशील आणि काम पूर्ण करण्याची तारीख संमतिपत्रात लिहिलेली असावी. ‘लाइटचं सगळं करून देऊ’ या शब्दावर सही करू नये. केबल आणि पॅनलचा खर्च वाढीव चार फ्लॅटच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेपुढे लहान असतो. ट्रान्सफॉर्मर आवारात बसवायची वेळ आली तर हा खर्च फुगतो, आणि तेव्हा काम स्वतः परवानाधारक ठेकेदाराकडून करून महावितरणला १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरण्याचा मार्ग असतो. तो खर्च झेपत नसेल तर मजल्यांची संख्या कमी करणं हाच प्रामाणिक पर्याय आहे.

अलीकडे एक नवं उत्तर ऐकू येतं: सोलर लावून टाकू. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार आहेत, आणि खानदेशाइतकं ऊन असल्यावर ते न वापरणं शहाणपणाचं नाही. पण बिल कमी होणं आणि केबलवरचा भार कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनल दुपारी वीज देतात आणि आपली वाईट वेळ रात्री दहा ते दोनची आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटातून हिशेबात वजा होतं, तारेतून मात्र रात्रीचा पूर्ण प्रवाह जातोच. आणि ज्या गच्चीवर पॅनल बसायचे तीच तर नव्या मजल्याने व्यापली, त्यावरची नवी गच्ची कोणाची हा वाद पुन्हा सुरू होतो.

जागेची अडचण खरी आहे आणि तिचं सोपं उत्तर नाही. भार वाढून आवारात ट्रान्सफॉर्मर बसवणं गरजेचं ठरलं, तर त्यासाठी जागा किंवा खोली भाडेपट्ट्याने उपलब्ध करून देणं अर्जदाराचं काम आहे, असं राज्य वीज नियामक आयोगाची पुरवठा संहिता सांगते. जुन्या इमारतीत अशी जागा पार्किंगमधूनच निघते, आणि चार नव्या घरांच्या गाड्यांसाठी आधीच जागा कमी पडत असते. तरीही मी ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने आहे. गाडी रस्त्यावर लावता येते, उच्चदाबाची वाहिनी जिन्याजवळून नेता येत नाही. मीटर रूमलाही तेच लागू. ती जिन्याखालून काढून हवा खेळेल अशा जागी, बाहेरच्या भिंतीलगत आणावी, कारण आग लागली तर जिना हीच उतरण्याची एकमेव वाट असते, आणि आज जुन्या इमारतींत त्या वाटेच्या तोंडाशीच सगळ्यात तापणारी वस्तू बसवलेली आहे. वाढीव मजल्यांमुळे उंची १५ मीटरच्या पुढे गेली तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार विद्युत निरीक्षकाला कळवणं आणि विजेच्या तारांसाठी स्वतंत्र, बंद डक्ट ठेवणं आवश्यक होतं. त्या डक्टमधून पाण्याचे किंवा गॅसचे पाइप नेता येत नाहीत. पुष्कळ इमारती ही रेषा ओलांडतात आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण मजले मोजले जातात, उंचीचे मीटर मोजले जात नाहीत.

महापालिकांनी यात एक छोटी गोष्ट करावी, अशी माझी मागणी आहे. वाढीव बांधकामाच्या परवानगीसाठी स्ट्रक्चरल दाखल्यासोबत विद्युत भाराचं एक पानही मागावं. त्यात इमारतीचा मोजलेला उन्हाळी भार, वाढीव भार, येणाऱ्या केबलचा आकार आणि प्रकार, तिन्ही फेजांवरची वाटणी, अर्थिंगचं मोजमाप आणि महावितरणच्या शाखा अभियंत्याचा तांत्रिक शक्यतेबाबतचा अभिप्राय एवढंच असावं. यावर बांधकाम व्यावसायिक म्हणतील, आधीच कागद थोडे आहेत का, आणखी एक खिडकी, आणखी एक फेरी. त्यांची तक्रार मला पटते, आणि म्हणूनच हे पान परवानाधारक ठेकेदाराने भरून स्वतःच्या सहीने द्यावं, महापालिकेने ते फक्त दाखल करून घ्यावं आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी काम त्याप्रमाणे झालं का एवढं पाहावं, असं मला वाटतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये लागलेल्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या आणि विद्युत तपासण्यांचे आदेश निघाले. घरांसाठी तशी पाळी येण्याची वाट पाहण्याचं कारण नाही. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात जानेवारी आणि जुलैमध्ये तपासणीचा दाखला देण्याची पद्धत आहेच. विजेच्या तपासणीसाठी त्यापेक्षा वेगळा महिना निवडावा लागेल. ती एप्रिलच्या अखेरीस, रात्री अकराच्या सुमारास, सगळे एसी चालू असताना झाली तरच तिच्यातून खरा आकडा मिळेल.